ल्युरच्या रबरात असतं तरी काय?

पिंपळगाव बसवंतला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. टोमॅटोच्या लागवडी सुरू झाल्या की कामगंध सापळ्यांना मागणी येते. सापळ्यात मादी पतंगाच्या गंधाची नक्कल मुरवलेला रबराचा तुकडा टांगतात, तोच ल्युर. मग कोणीतरी ल्युरचं पाकीट नाकाशी नेऊन म्हणणारच, "भाऊ, याला तर काहीच वास नाही!" आपल्याला येत नाही. नर पतंगाला येतो, तेवढं पुरे.

मी रसायनशास्त्राचा बीएस्सी, त्यामुळे दुपारी गिऱ्हाईक नसलं की डोकं इकडेच वळतं. मादी हा गंध झाडाकडून उसना घेत नाही, स्निग्धाम्लांपासून स्वतः बनवते. टोमॅटो पोखरणारी हिरवी अळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा, तिचंच घ्या. सुरुवात पामिटिक आम्लापासून. आपल्या तुपातही असतं ते, १६ कार्बनची सरळ साखळी. मादीच्या पोटाच्या टोकाला ग्रंथी असते. तिथलं एक विकर (एन्झाइम) ११व्या कार्बनपाशी दुहेरी बंध घालतं, दुसरं आम्लाचं अल्कोहोल करतं, तिसरं त्याचं अल्डिहाइड. आम्ल हवेत फारसं उडत नाही, अल्डिहाइड उडतं. काही जाती मधेच साखळीचे दोन-दोन कार्बन छाटतात आणि शेवटी अल्डिहाइडऐवजी ॲसिटेट करतात. मक्यावरच्या लष्करी अळीचा मुख्य घटक असाच, १४ कार्बनचा ॲसिटेट.

खरी करामत प्रमाणात आहे. हेलिकोव्हर्पाच्या गंधात ११व्या बंधाचं अल्डिहाइड साधारण ९७ भाग आणि ९व्या बंधाचं ३ भाग. तंबाखू-मिरचीवर जगणारी तिची एक भाऊबंद जात आहे. तिच्यातही हीच दोन अल्डिहाइडं, पण ९व्या बंधाचं जास्त. तेवढ्यावरून नर आपली मादी ओळखतो!

हे काम चोवीस तास चालत नाही. रात्री मादीच्या अन्ननलिकेखालच्या चेतागुच्छातून ३३ अमिनो आम्लांचं एक संप्रेरक सुटतं, तेव्हा ग्रंथी कामाला लागते. मिलन झालं की उत्पादन घसरतं.

१९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ब्युटेनांटनं रेशीम पतंगाचा गंध ओळखला, तेव्हा सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथींतून हाती लागला काही मिलिग्रॅम माल. आज एका ल्युरमध्येच मिलिग्रॅमच्या हिशोबात असतो, आणि तरी लोक दहा रुपये कमी करा म्हणतात.

"सगळ्या अळ्यांना चालेल असा एकच ल्युर द्या," ही मागणी मात्र पुरी होणार नाही. टुटाचा, म्हणजे टोमॅटोवरच्या नागअळीचा, गंध १४ कार्बनचा, तीन दुहेरी बंधांचा ॲसिटेट. हेलिकोव्हर्पाचा नर त्याकडे ढुंकूनही बघत नाही. दोन्ही लावायचे तर मधे हात धुवा, नाहीतर एकाचा गंध दुसऱ्याला लागतो. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून नुसता सापळा टांगून निवांत बसू नका. पतंग मोजा, फवारणी त्यावरून ठरवा. अल्डिहाइड उन्हात, हवेत लवकर खराब होतं, तेव्हा पाकीट लावायच्या वेळीच फोडा. उरलेली फ्रीजमध्ये ठेवा, फक्त घरात आधी सांगून ठेवा.