ओळखपत्रावरचा ‘ओ’

शाळेत जीवशास्त्राच्या तासाला फळ्यावर चार रकाने आखले जात: ए, बी, एबी, ओ. रक्तगट शोधणाऱ्या लँडस्टायनरचा तो तक्ता परीक्षेपुरता पुरे. पुण्यातल्या रक्तपेढीत मात्र ‘ओ’ वाचला की काम अर्धंच झालेलं असतं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो.

ओळखपत्रावरचा गट बहुधा बोटाच्या थेंबावरून, काचपट्टीवर पाहिलेला असतो. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगी अँटी-डी (आरएचसाठी): जुळणाऱ्या पेशींच्या गुठळ्या करणारी ही चाचणीची द्रावणं. प्रत्येकात रक्त मिसळायचं, पट्टी हलवायची आणि दोन मिनिटांत वाचायचं. उशीर झाला की कडा सुकून खोट्या गुठळ्या दिसतात, घाई केली की क्षीण प्रतिक्रिया निसटते. शिवाय ही फक्त लाल पेशींची बाजू. सीरमला, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाला, कोणी विचारलेलंच नसतं.

पेढीत विचारतात. तीन नळ्यांत सीरमचे दोन-दोन थेंब, त्यांत अनुक्रमे ए, बी आणि ओ पेशींचा एकेक थेंब (सलाईनने धुतलेल्या, साधारण 5 टक्के), मग नळ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायच्या. तळाचा थर हलक्या हाताने सोडवायचा. नळी झटकली तर नाजूक गुठळी मोडते. नेहमीच्या ‘ओ’ माणसाचं सीरम ए आणि बी पेशींच्या गुठळ्या करतं, ओ पेशींच्या नाही. तिसऱ्या नळीतही गुठळ्या दिसल्या तर तिथेच थांबायचं. ही नळी वगळणं म्हणजे माझ्या मते प्रयोगशाळेतला सगळ्यात महागात पडणारा आळस.

कारण तो ‘बॉम्बे’ गट असू शकतो. डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ए आणि बी प्रतिजन, म्हणजे पेशींवरच्या गटाच्या खुणा, ‘एच’ या पायावर चढतात. ओ पेशींवर नुसता पाया असतो, बॉम्बे गटात पायाच नसतो. त्यामुळे सीरममध्ये अँटी-एच, म्हणजे एचविरुद्धचं प्रतिपिंड, तयार होतं. ते 37 अंशांनाही काम करतं आणि ‘ओ’ची पिशवी चढवली तर त्या पेशी फोडतं.

तिसरी नळी बोलली म्हणजे लगेच बॉम्बे, असंही नाही. थंडीत सक्रिय होणारी प्रतिपिंडंही असंच करतात. म्हणून रुग्णाचं सीरम त्याच्याच पेशींशी लावून पाहायचं, नळ्या 37 अंशांवर ठेवून पुन्हा वाचायचं आणि पेशींवर अँटी-एच लेक्टिन (एच ओळखणारं वनस्पतीतलं प्रथिन) घालायचं. लेक्टिनने ओ पेशींच्या ठसठशीत गुठळ्या होतात, बॉम्बेच्या होत नाहीत.

एक गंमत: बॉम्बे गटाच्या व्यक्तीत बी जनुक दडलेलं असू शकतं. मग जोडीदार ‘ओ’ असूनही मूल ‘बी’ निघतं आणि घरात नको ते संशय सुरू होतात. दोष तक्त्याचा, आईचा नव्हे.

बॉम्बे रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, म्हणून या गटाच्या दात्याने गणपती मंडळाच्या शिबिरात रक्त देऊन टाकू नये. पेढीत नाव नोंदवावं, बोलावणं आलं की द्यावं. कारण काढलेल्या लाल पेशी 2 ते 6 अंशांवर, साठवणीच्या द्रावणानुसार, 35 किंवा 42 दिवसच टिकतात. रुग्ण बॉम्बे निघाला तर आधी सख्खी भावंडं तपासावीत, प्रत्येकात तोच गट असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल आणि लोह कमी असेल तर ते आधीच भरून काढावं. हिमोग्लोबिन पुरेसं झालं की रुग्णाचंच रक्त त्याच्यासाठी काढून ठेवता येतं.