ड्युसेलडॉर्फमधला अनोळखी शूमान

आपल्याकडे पियानो शिकलेल्यांना जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान माहीत असतो तो बहुतेक 'ट्रॉयमेराय'मुळे. दोन-तीन मिनिटांची ती १८३८ सालची रचना परीक्षेच्या पुस्तकांत असते, शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी वाजवतंच. नोकरीसाठी ड्युसेलडॉर्फला आले तेव्हा माझीही ओळख साधारण तेवढीच होती. त्याने आयुष्यातली शेवटची कामाची वर्षं याच शहरात काढली आणि त्या काळातलं त्याचं बरंचसं संगीत खुद्द जर्मनीतही फारसं ऐकलं जात नव्हतं, हे इथे राहायला लागल्यावर हळूहळू कळत गेलं. तेव्हापासून मी त्याच्या मागे लागले आहे.

सुरुवात झाली आमच्या इमारतीतच. तळमजल्यावर राहणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि व्हायोला वाजवतात. हे वाद्य व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, आवाज खर्जाकडे झुकणारा. दुपारची शांततेची वेळ संपली की त्यांचा रियाज सुरू होतो आणि जिन्यात सगळं ऐकू येतं. मध्यंतरी बरेच दिवस त्या एकच धून घोळवत होत्या. मोजके स्वर, पाळणा हलावा तसे पुढे-मागे जाणारे. एकदा जिन्यातच विचारलं तर त्या आत बोलावून घेऊन गेल्या आणि स्टँडवरची पानं दाखवली: शूमानच्या 'मेर्शेनबिल्डर'मधली, म्हणजे परीकथांच्या चित्रांमधली, चौथी आणि शेवटची रचना. व्हायोला आणि पियानोसाठी, मार्च १८५१ मध्ये याच शहरात लिहिलेली. वर सूचना होती, 'संथ, उदास भावाने'. आणि स्वर मात्र डी मेजरचे! पाश्चात्य संगीत शिकवताना मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी असं सांगून मोकळे होतात. शुद्ध स्वरांतली व्याकुळता ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते कधीच पुरतं पटत नाही. इथे खुद्द शूमानच ते मोडून दाखवत होता. बाईंनी ती धून मला पुन्हा वाजवून दाखवली, पियानोच्या साथीशिवाय, नुसती.

शूमान सप्टेंबर १८५० मध्ये इथे शहराचा संगीत दिग्दर्शक म्हणून आला. सोबत बायको क्लारा, जी त्या काळातली युरोपभर नावाजलेली पियानोवादक होती, आणि मुलंबाळं. पहिल्या काही महिन्यांतच त्याने चेलो कॉन्चेर्टो आणि 'ऱ्हाइनिश' सिंफनी लिहिली. चेलो म्हणजे व्हायोलाहूनही मोठं, खर्जातलं वाद्य; कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. पुढे वाद्यवृंद आणि गायकवृंदाशी खटके उडू लागले, तब्येत ढासळत गेली. फेब्रुवारी १८५४ मध्ये, कार्निव्हलच्या ऐन धामधुमीत, त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. नावाड्यांनी वाचवलं. त्यानंतर बॉनजवळच्या एंडेनिश इथल्या मनोरुग्णालयात दोन वर्षांहून अधिक काळ काढून जुलै १८५६ मध्ये तो वारला. वय अवघं ४६.

या शेवटामुळे त्याच्या उशिराच्या संगीतावर एक शिक्का बसला. ड्युसेलडॉर्फमधली रचना म्हटली की लोक आधी आजार शोधायचे आणि मग सूर ऐकायचे. व्हायोलिन कॉन्चेर्टोची कथा तर जिवाला चटका लावणारी आहे. १८५३ च्या शरदात त्याने तो योसेफ योआखिम या तरुण व्हायोलिनवादकासाठी लिहिला. शूमान गेल्यावर क्लारा, योआखिम आणि संगीतकार ब्राम्स यांनी तो प्रकाशित न करण्याचं ठरवलं. पुढे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात गेलं, तेही शूमानच्या मृत्यूला शंभर वर्षं होईपर्यंत छापू नये अशा अटीवर. शेवटी ती मुदत संपायच्या आधीच तो लोकांसमोर आला २६ नोव्हेंबर १९३७ ला, बर्लिनमध्ये, गेओर्ग कुलेनकाम्फच्या हातून. नाझी राजवटीने ज्यू कुळात जन्मलेल्या मेंडेल्सन या संगीतकाराचं संगीत बंद केलं होतं, त्याच्या लाडक्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या जागी त्यांना एक 'जर्मन' कॉन्चेर्टो हवा होता. रविशंकरांबरोबरच्या जुगलबंदीमुळे आपल्याला परिचित असलेले व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन हे तो सर्वांत आधी वाजवायला उत्सुक होते, पण पहिला मान त्यांना मिळू दिला नाही. काही आठवड्यांतच त्यांनी तो अमेरिकेत वाजवला.

कॉन्चेर्टो प्रकाशित न करण्याच्या निर्णयासाठी क्लाराला दोष द्यावासा मला वाटत नाही. नवऱ्याचं नाव जपण्याची तिची धडपड मला समजते. पण तिने १८९३ मध्ये त्याचे चेलो आणि पियानोसाठीचे पाच रोमान्स, म्हणजे छोट्या भावमधुर रचना, जाळून टाकले, ते कसे असतील या विचाराने आजही हळहळ वाटते.

व्हायोलिन कॉन्चेर्टोचा दुसरा भाग एकदा तरी हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला चेलो एक सूर धरतात, ठोक्यावर न पडणारा. समेची जागा शोधत आपण बसतो आणि ती हाती लागत नाही. एवढ्यात व्हायोलिन येतं, अगदी हळू, दुसरीच एक साधी धून घेऊन, आणि दोघं एकमेकांना न अडवता चालत राहतात. यात आजारपण कुठे आहे? मला तर इतकं निवांत आणि धीट लिहिणारा माणूस दिसतो. तिसरा भाग पोलोनेझ या पोलिश नृत्याच्या चालीचा आहे. पुष्कळ वादक तो घाईने वाजवतात. शूमानने स्वतः दिलेली लय खूपच संथ आहे, आणि त्या लयीतच तो डौलदार होतो असं माझं ठाम मत आहे.

१८५३ च्याच ऑक्टोबरात त्याने पियानोसाठी 'गेझेंगे डेर फ्र्यूए' ही पहाटगीतं लिहिली, एकूण पाच. क्लारानेही डायरीत लिहून ठेवलं की ती फार वेगळी आहेत, पण समजायला कठीण. डिसेंबरात इथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो, उजाडायला बराच वेळ लागतो, त्या अंधारात कॉफी करताना मी ती लावते. पहिल्या गीताच्या सुरुवातीला दोन्ही हात एकच स्वर वाजवतात, खाली कसलाही आधार नाही. मग एकेक करून बाकीचे स्वर येऊन मिळतात. पहाटेचं चित्र काढण्यापेक्षा सकाळ जवळ येताना मनात जे होतं ते यात आहे, असं त्याने प्रकाशकाला कळवलं होतं. भूपाळी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हाइनरिश हाइने हा कवी याच शहरात जन्मला. जुन्या शहरातल्या त्याच्या जन्मस्थळापासून शूमान कुटुंबाच्या बिल्कर रस्त्यावरच्या शेवटच्या घरापर्यंत चालत दहा-बारा मिनिटं लागतात. त्याच्या कवितांवरची 'डिष्टरलीबं' ही गीतमाला प्रसिद्ध आहे, सोळा गाण्यांची. १८४० मध्ये शूमानने मुळात वीस लिहिली होती! वगळलेली चार नंतर इतर संग्रहांतून छापली गेली. त्यातलं 'माइन वागेन रोलेट लांगसाम' माझं विशेष आवडतं. प्रवासी घोडागाडीतून रानातून हळूहळू चाललाय, प्रेयसीचा विचार करतोय. अचानक तीन सावल्या खिडकीतून डोकावतात, वेडावतात, धुक्यासारख्या फिरत खिदळत निघून जातात. गायकाचे शब्द इथेच संपतात, पण पियानो कितीतरी वेळ वाजत राहतो, ती गाडी तशीच पुढे जात असल्यासारखा.

एंडेनिशचं ते रुग्णालय आज शूमान-हाउस आहे आणि तिथे बॉन शहराचं संगीत ग्रंथालय चालतं. वरच्या मजल्यावर त्याच्या आठवणींच्या खोल्या, खाली स्वरलिपीच्या पुस्तकांची कपाटं. तिथेच एका कपाटात माझ्या हाती 'दास पाराडीस उंड दी पेरी', म्हणजे 'स्वर्ग आणि परी', लागलं. हे मात्र ड्युसेलडॉर्फच्या आधीचं, १८४३ चं, लाइपझिगमधलं. एकल गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची दीड तासाची मोठी रचना. पहिला प्रयोग स्वतः शूमाननेच संचालित केला आणि त्याच्या हयातीत ती फार गाजली. पानं उलटत होते आणि एकदम 'गझना' दिसलं! शाळेच्या इतिहासातला तोच गझनीचा महमूद.

कथा थॉमस मूर या आयरिश कवीची. स्वर्गाबाहेर राहिलेल्या परीला आत जायचं तर देवाला सर्वांत प्रिय असलेली भेट आणायची आहे. ती आधी भारतात येते. नद्या रक्ताने लाल झाल्या आहेत, आक्रमकांचा आणि भारतीयांचा असे दोन गायकवृंद एकमेकांना भिडतात. एक एकटा तरुण महमूदवर शेवटचा बाण सोडतो. तो चुकतो, तरुण मारला जातो, आणि परी त्याच्या रक्ताचा शेवटचा थेंब उचलून नेते. दार उघडत नाही. मग ती इजिप्तला जाते, शेवटी सीरियाला, तिथे एका पश्चात्तापाच्या अश्रूने दार उघडतं.

मूर किंवा शूमान, दोघांनीही भारत पाहिलेला नव्हता. म्हणूनच मला भीती होती ती खोट्या पौर्वात्य सुरावटींची. तसं काहीही नाही. तो तरुण पडल्यावर गायकवृंदाचा जो विलाप येतो, तो शूमान स्वतःच्या माणसांसाठी लिहील तसाच आहे, वेगळा रंग न लावलेला. एका जर्मन संगीतकाराने अनोळखी भारतीय तरुणासाठी इतका मनापासून शोक करावा, याने मी भारावून गेले.

पुण्याच्या आत्याला हे कळवलं तर तिचा लगेच प्रश्न, "अगं, सुरुवात कुठून करू?" तिला लिहिलं, "आत्या, आधी 'मेर्शेनबिल्डर'चं शेवटचं ऐक, मग कॉन्चेर्टोचा दुसरा भाग. 'पेरी' रविवारी दुपारी, सलग वेळ काढून." तिचं उत्तर यायच्या आत मी खालच्या बाईंकडून पुढचा खाऊ घेऊन आले आहे: शूमानचं १८५२ मधलं मिसा (चर्चमधल्या उपासनेचं संगीत) आणि रेक्विएम (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं), दोन्ही इथेच लिहिलेली. या आठवड्यात मिसा.