फंगस आलेली लेन्स घेऊ का?

पाऊस ओसरून उन्हं पडायला लागली की हा प्रश्न यायला सुरुवात होते. कुणीतरी टॉर्च मारून काढलेला फोटो पाठवतं. काचेच्या कडेकडून आत सरकलेलं पांढरं जाळं, आणि खाली एक ओळ: "ताई, स्वस्तात मिळतेय, पण फंगस आहे म्हणतात. घेऊ का?" गणपतीच्या आधी घर आवरताना ज्यांच्या माळ्यावरून आजोबांचा कॅमेरा खाली आलेला असतो, त्यांचाही प्रश्न हाच, फक्त "घेऊ का"च्या जागी "टाकून देऊ का".

माझं उत्तर बहुतेक वेळा "घ्या" असं असतं, आणि आजोबांच्या कॅमेऱ्याबाबतीत "अजिबात टाकू नका". पण नुसतं "घ्या" म्हणून भागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बुरशीचे बीजाणू हवेतच असतात. तुमच्या नव्याकोऱ्या लेन्सवरही ते आहेत. आर्द्रता बराच काळ साधारण 60 टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली की ते रुजतात. मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे सहज जाते. म्हणजे आपल्याकडे किनारपट्टीवर चाळीस पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये बुरशीचा मागमूसही नसेल, तर मला उलट शंका येते: कुणी उघडली होती, आणि कशी उघडली होती? बुरशी जगते ती धुळीवर, बोटांच्या तेलकट ठशांवर, आतल्या ग्रीसच्या अंशावर. काच हे तिचं अन्न नाही. पण जगताना ती आम्ल सोडते, आणि ते आम्ल आधी काचेवरचं कोटिंग खातं, मग काच कोरायला घेतं. त्यामुळे बुरशी आहे की नाही यापेक्षा ती किती वर्षं तिथे बसलीय, हे महत्त्वाचं. वरवरची असेल तर पुसली जाते. कोरून ठेवलं असेल तर बुरशी गेल्यावरही तिची नक्षी राहते.

आता बघायचं कसं. पुण्याच्या जुन्या बाजारात, चोर बाजारात किंवा कुणाच्या घरी गेलात तरी मोबाइलचा टॉर्च पुरतो. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लहान-मोठं होणारं छिद्र, पूर्ण उघडा, लेन्सच्या मागून उजेड टाका आणि समोरून तिरकं बघा. सरळ बघाल तर डोळे दिपतील आणि काहीच कळणार नाही. लेन्स हातात हळूहळू फिरवत राहा. एक गोष्ट आधीच सांगते: टॉर्चखाली कुठलीही जुनी लेन्स भीषण दिसते. धूळ, ब्रशचा एखादा केस, पुसल्याचे बारीक ओरखडे, सगळं उठून दिसतं. त्यातलं बहुतेक काही फोटोत येत नाही.

बुरशी ओळखू येते ती तिच्या फांद्यांवरून. कडेच्या एका ठिपक्यातून निघते आणि दोऱ्यांसारखी फुटत जाते. सगळ्या काचेवर एकसारखा दुधाळ पापुद्रा दिसला तर ती बुरशी नाही, तो हेझ. फोकसच्या आट्यांमधल्या ग्रीसचं तेल वर्षानुवर्षं उडून आतल्या काचांवर बसतं, त्याने असं होतं. कधी कधी पुसलं की सुंदर निघतं, कधी काचच गढूळ झालेली असते, आणि हे उघडल्याशिवाय कळत नाही. काचेच्या पोटात अडकलेले एकदोन बुडबुडे दिसले तर दुर्लक्ष करा. जुन्या जर्मन आणि सोव्हिएत लेन्समध्ये ते असतातच, फोटोला काही होत नाही. पिवळसर झाक दिसली तर लेन्सचं नाव वाचा. सात काचांच्या सुपर टाकुमार 50 मिमी एफ 1.4 मध्ये थोरियम असलेली काच आहे, ती वयाबरोबर पिवळी पडते. तो मळ नव्हे. अतिनील दिव्याखाली बराच काळ ठेवली की हा पिवळेपणा पुष्कळ उतरतो.

खरं घाबरायचं ते सेपरेशनला. बऱ्याच लेन्समध्ये दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात; जुन्या काळी त्यासाठी कॅनडा बाल्सम नावाचा डिंक वापरत. तो सुटायला लागला की कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा चंदेरी डाग दिसतात. हे घरी दुरुस्त होत नाही. दुकानदार "किरकोळ फंगस आहे" म्हणून जे दाखवतो ते कधी कधी हेच असतं. आणि बुरशी जर त्या चिकटवलेल्या दोन काचांच्या मधोमध शिरली असेल, तर तिथेही हात टेकायचे. लेन्स खाली ठेवा, चहा प्या, पुढच्या पथारीवर जा.

बुरशी कुठल्या काचेवर आहे याचाही हिशोब करा. मागच्या काचेवरचा दोष पुढच्या काचेवरच्या दोषापेक्षा फोटोत जास्त बोलतो, विशेषतः ॲपर्चर लहान केल्यावर. पुढच्या काचेच्या कडेला नखाएवढं जाळं असेल तर उन्हाच्या तोंडावर फोटो काढताना कॉन्ट्रास्ट थोडा उतरेल, बाकी काही नाही. त्या उतरलेल्या कॉन्ट्रास्टसाठी लोक आजकाल वेगळे फिल्टर विकत घेतात, ही गंमत वेगळीच.

स्वतः उघडून साफ करायची असेल तर पहिली लेन्स म्हणून मी हेलिओस 44-2 सुचवते. 58 मिमी, एफ 2, झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवर बेतलेली, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर सोव्हिएत काळात भारतातही आलेली. चार गटांत सहा काचा, रचना सरळ, आणि बिघडवली तरी रडू येणार नाही इतपत किंमत. झूम लेन्सच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. आत घसरपट्ट्या, पिना, रोलर असा सगळा संसार असतो आणि तो परत मांडताना रात्र जाते.

हत्यारं मोजकी लागतात. पुढची नावाची रिंग फिरवायला रबराचा गोल तुकडा, काचांच्या गटांसाठी दोन टोकांचा लेन्स स्पॅनर, आणि जपानी लेन्स किंवा कॅमेरा असेल तर जेआयएस (जपानी मानक) मापाचे स्क्रूड्रायव्हर. हे शेवटचं लोक हमखास टाळतात. जपानी स्क्रूचा खाचा आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखाच दिसतो, पण तसा नसतो. फिलिप्सचं टोक नीट बसत नाही, निसटतं आणि डोकं खरवडतं. चाळीस वर्षं घट्ट बसलेला स्क्रू एकदा खरवडला की पुढची संध्याकाळ त्याच्यावर. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. काच बाहेर काढताना वरची बाजू कुठली ते खुणेने ठेवा, कारण दोन्ही बाजू फुगीर असलेली काच उलटी बसवली की लेन्स आंधळी होते आणि कारण सापडत नाही.

फोकस जड लागतो म्हणून ग्रीस बदलायला आट्या सोडवणार असाल तर तिथे थांबून हे वाचा. त्या आट्यांना बहुधा अनेक सुरुवाती असतात. सुटण्याच्या नेमक्या क्षणी दोन्ही भागांवर टोकदार वस्तूने खूण करा. चुकीच्या सुरुवातीतून परत बसवलं तरी फिरेल छान, पण अनंतावर फोकस लागणार नाही. समोरचा डोंगर कायम जरासा पुसट राहील.

साफ करायला केमिस्टकडचं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तेवढाच अमोनिया, हे दुरुस्तीवाल्यांचं जुनं मिश्रण. लागेल तेवढंच ताजं बनवा. बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, वायू साठून बाटली फुटू शकते. खिडकी उघडी, हातात मोजे. कापसाने मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने पुसा, काचेच्या कडेच्या काळ्या रंगाला लागू देऊ नका, तो सुटतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सचा टिश्यू. आता पुन्हा टॉर्च मारा. काच स्वच्छ दिसली तर जिंकलात. जाळ्याच्याच आकाराची फिकट रेघ उरली असेल तर कोटिंग गेलंय, पुढे कितीही घासलंत तरी ते परत येणार नाही.

हीच हुशारी कॅमेऱ्याच्या आत दाखवू नका. एसएलआरचा, म्हणजे लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा, आरसा आणि याशिका इलेक्ट्रो 35 सारख्या रेंजफाइंडरमधला, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यातला, अर्धपारदर्शक आरसा, दोन्हींचा मुलामा काचेच्या वरच्या पृष्ठभागावर असतो. रेंजफाइंडरचा फोकस ज्याच्यावर चालतो तो मुलामा एका जोरदार पुसण्यात कापसावर येतो, आणि मग कॅमेरा शोभेला. तिथे फक्त फुंकणी.

बुरशीच्या भीतीने लोक बाकीचं तपासायचं विसरतात, म्हणून तेही घाईघाईने सांगते. शटर एका सेकंदावर ठेवून दाबा. अडखळलं किंवा उघडंच राहिलं तर सर्व्हिसिंगचा खर्च धरा. ॲपर्चरच्या पाकळ्यांवर तेलाची चमक आहे का बघा. मागचं झाकण उघडून कडेचा फोम बोटाने दाबा, डांबरासारखा चिकट लागला तर बदलावा लागेल, काम सोपं आहे. ऑलिम्पस ओएम-1 असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये काळे डाग शोधा, कारण प्रिझमवरचा फोम कुजून चांदीचा मुलामा खातो. आणि 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा सेल मागणारे कॅमेरे आता श्रवणयंत्राच्या झिंक-एअर सेलवर बरे चालतात.

"एका लेन्सची दुसरीला लागते का हो?" हा जोडप्रश्न ठरलेला. लागण वगैरे काही नाही, बीजाणू सगळीकडेच आहेत. ओल मिळाली की दोन्हींना येईल, नाही मिळाली तर कुणालाच नाही. तरी मी न पुसलेली लेन्स वेगळ्या डब्यात ठेवते, ते केवळ मनाच्या समाधानासाठी. ठेवण्याचं म्हणाल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. 40 ते 50 टक्क्यांत काटा ठेवायचा. नारिंगी दाणे ओल ओढून हिरवट झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. तांदळात ठेवू नका, त्याच्या पिठाने बुरशीच्या जेवणाची सोय होईल. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीला त्यांचं काही पडलेलं नाही. आणि आजोबांच्या कॅमेऱ्याची ती देखणी चामड्याची केस बाहेर ठेवा. चामडं ओल धरून ठेवतं. बहुतेक वेळा बुरशीचं माहेर तीच असते.

भावाबद्दल. "फंगस आहे" असं आपणहून सांगणारा विक्रेता मला आवडतो, तिथे घासाघीस जरा कमी करते. "एकदम क्लीन पीस, मॅडम" म्हणणाऱ्याकडे टॉर्च दोनदा मारते. जपानहून ऑनलाइन मागवणाऱ्यांनी वर्णन शेवटपर्यंत वाचावं. वर एक्सलंटपुढे पाच प्लस असतात आणि खाली बारीक अक्षरात "थोडी बुरशी, फोटोवर परिणाम नाही". त्यांच्याकडेही दमट पावसाळा असतोच. वर कस्टम ड्युटी बसली की स्वस्त लेन्स स्वस्त उरत नाही.

घेतल्यावर लगेच रोल घालू नका. रंगीत रोल आणि त्याचं डेव्हलपिंग-स्कॅनिंग मिळून सहज हजाराच्या वर जातं. कुणा मित्राचा मिररलेस कॅमेरा एका संध्याकाळपुरता मागा, हेलिओससारखी लेन्स असेल तर एम 42 चा (त्या जुन्या आट्यांच्या जोडणीचा) ॲडॉप्टर लावा, उतरत्या उन्हाकडे तोंड करून एक फोटो एफ 2 वर (ॲपर्चर उघडं) आणि एक एफ 11 वर (ॲपर्चर लहान) काढा. निकॉनच्या डीएसएलआरवर हा प्रयोग करू नका, तिथे काचेविना ॲडॉप्टरने अनंताला फोकस लागत नाही आणि दोष उगाच लेन्सवर येतो. ते दोन फोटो मला पाठवा. टॉर्चचा फोटो नाही पाठवलात तरी चालेल.