शून्यापासून किती लांब?

नववीला बीजगणिताच्या तासाला सरांनी केवल मूल्याची व्याख्या आधी लिहिलीच नाही. फळ्यावर संख्यारेषा आखली आणि विचारलं, "उणे सात शून्यापासून किती लांब?" सात. "आणि अधिक सात?" तेही सातच. मग त्यांनी |−७| असं लिहिलं, हेच उणे सातचं केवल मूल्य. "या दोन उभ्या रेघा एवढंच विचारतात, किती लांब. कुठल्या बाजूला, ते विचारत नाहीत."

पुढचं सगळं प्रकरण त्यांनी या एका प्रश्नावर उभं केलं. |क्ष − ५| = ३ हे समीकरण सोडवण्याआधी मोठ्याने वाचायचं: पाचपासून तीन अंतरावर कोण? समजा तुम्ही एसटीच्या रस्त्यावर पाच किलोमीटरच्या दगडाशी उभे आहात आणि तीन किलोमीटर चाललात, तर कुठे पोहोचाल? "कुठल्या दिशेने, सर?" असं कुणी विचारलं की त्यांचा चेहरा खुलायचा. दिशा सांगितलेली नाही, म्हणून उत्तरं दोन: २ आणि ८. रेघा काढून एकदा अधिक, एकदा उणे घ्यायचं, हा नियम बहुतेक मुलं पाठच करतात. तो बरोबरही आहे. पण तो का आहे, हे आम्हाला नियमाच्या आधी कळलं होतं.

त्यामुळे |क्ष + ४| = −२ दिसल्यावर आम्ही आकडेमोड करत बसलो नाही. अंतर उणे कसं असेल? वहीत "उकल नाही" एवढंच लिहायचं, आणि त्याला सर पूर्ण गुण देत. |३क्ष − ६| = ० ला मात्र एकच उकल, २.

खरा कस लागला तो |क्ष − २| = २क्ष − ७ या गणिताला. क्ष − २ = २क्ष − ७ घेतलं तर क्ष = ५. दुसऱ्या बाजूने क्ष − २ = −२क्ष + ७, म्हणजे क्ष = ३. दोन्ही रीती चोख. मग सर म्हणाले, "ताळा करा." पाचला दोन्हीकडे ३ येतात. तीनला डावीकडे १ आणि उजवीकडे −१! सगळा वर्ग चक्रावला. सरांनी उजव्या बाजूवर बोट ठेवलं: हे अंतर आहे, म्हणजे २क्ष − ७ उणे असून चालणार नाही, म्हणजे क्ष निदान साडेतीन तरी हवा. तीन तिथेच बाद. माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात मोलाचा तास हाच होता.

पुढे मी यंत्रांचे सुटे भाग तपासण्याच्या कामात गेलो. २५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याला अधिक-उणे ०.०२ ची सूट असते, म्हणजे |व्यास − २५| हा ०.०२ पेक्षा जास्त नको. दांडा २४.९८ ते २५.०२ मध्ये बसला तर पास. मायक्रोमीटर हातात घेणाऱ्या नव्या मुलांना मी हे आजही संख्यारेषा आखूनच समजावतो.

या उभ्या रेघा कार्ल वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८४१ मध्ये वापरल्या. नंतर बर्लिनला प्राध्यापक होण्याआधी त्याने कित्येक वर्षं लहान गावांतल्या शाळांत शिकवलं. गणिताबरोबर व्यायाम आणि सुलेखनाचे तासही घेतले. हे वाचलं तेव्हा मला आपले सर आठवले. शनिवारची कवायत त्यांच्याचकडे असायची.

प्रकरण संपवताना त्यांनी एक गणित घातलं होतं, त्यावर आम्ही अख्खी मधली सुट्टी भांडलो. आज नववीत असलेल्यांसाठी ते इथे देतो: |क्ष − १| + |क्ष − ४| = ३. एकपासूनचं आणि चारपासूनचं अंतर मिळून तीन. १ आणि ४ ही उत्तरं चटकन सापडतील, पण तिथे थांबू नका. रेषा आखा, १ आणि ४ च्या मधल्या कुठल्याही बिंदूवर पेन्सिल टेकवा, आणि दोन्ही अंतरांची बेरीज करून पाहा.