आमची वाटचाल : डायरीतला शेवटचा रकाना

आम्ही बांधकामाची कामं घ्यायला लागलो तेव्हा आमच्याकडे एक मिक्सर, भाड्याच्या सेंटरिंग प्लेटा आणि सहा माणसं होती. पहिलं मोठं काम होतं तळमजला आणि वर दोन मजले असं घर. दहा महिने सांगितले, लागले सोळा. घरमालकांनी आमचा शेवटचा हप्ता एका शब्दाने न कुरकुरता दिला. पण ते जास्तीचे सहा महिने त्यांनी भाड्याच्या घरात काढले, हे अजून मनाला लागून आहे.

उशीर का झाला असं कुणी विचारलं की तेव्हा आम्ही पाऊस, मजूर आणि माल अशी तीन कारणं सांगायचो. पुढच्या कामापासून सुपरवायझरच्या रोजच्या डायरीत एक रकाना वाढवला : 'आज काम कशामुळे अडलं?' वर्षभराने त्या डायऱ्या पुढ्यात घेऊन बसलो. पावसाचे दिवस होतेच, पण त्याहून किती तरी जास्त वेळा लिहिलं होतं 'ड्रॉइंग आलं नाही', 'टाइल्स ठरल्या नाहीत', 'रंगारी आले, प्लॅस्टर ओलं'. माणसं साइटवर हजर आणि हात रिकामे. एकेक नोंद अर्ध्या दिवसाची, फार तर दोन दिवसांची. महिने असे गेले होते.

एक स्लॅब मी विसरणार नाही. सळई बांधून तयार, पंप उभा, काँक्रीटची पहिली गाडी दारात. बाथरूमच्या पाइपांसाठी स्लीव्ह (पाइप जायला स्लॅबमध्ये आधीच ठेवायच्या नळ्या) नेमक्या कुठे सोडायच्या त्याचं ड्रॉइंग मात्र हातात नव्हतं. 'नंतर कोअर मारू', म्हणजे मशीनने भोक पाडू, म्हणून आम्ही भरणी केली. पुढे पाइपाची लाइन बरोबर बीमवर आली. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बीमला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होतं. लाइन फिरवली, भिंत सरकवली, अकरा दिवस गेले. त्या दिवशी गाडी परत पाठवली असती तर एक दिवस गेला असता.

मोठ्यांचंही असंच होतं. सिडनी ऑपेरा हाउसचं काम १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा छताचं डिझाइन पक्कं नव्हतं. पुढे छताचं वजन पेलण्यासाठी खालचे खांब पुन्हा बांधावे लागले. १९६३ साली पूर्ण करायची ठरलेली इमारत १९७३ मध्ये खुली झाली.

आता आमच्याकडे सळई बांधणारा फिटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि इंजिनिअर या चौघांच्या सह्या झाल्याशिवाय गाडी मागवत नाही. टेकू मात्र घाईने काढायचे नाहीत. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या क्यूबवर (तपासणीसाठी भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर) धरतात, त्या दिवसांतून वेळ चोरायची आमची तयारी नाही. वेळ वाचवायचा तो आधी. लिफ्ट, खिडक्या, टाइल्स लागणार कधी ते पाहून तारीख मागे मोजायची आणि मालकांकडून निर्णयाची तारीख लेखी घ्यायची. मालक सुरुवातीला नाराज होतात, नंतर तेच आम्हाला तारखांची आठवण करून देतात.

दर शनिवारी सगळे मिस्त्री एकत्र बसतात. पुढच्या आठवड्यात कोण काय पुरं करणार हे ज्याचं त्यानेच सांगायचं. ज्या कामाचं ड्रॉइंग, माल किंवा जागा तयार नाही, ते यादीत धरायचंच नाही. पुढच्या शनिवारी दहापैकी किती झाली ते मोजतो. १९९० च्या दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी मांडलेली 'लास्ट प्लॅनर' पद्धत याच धर्तीची आहे. आम्ही ती आमच्या सोयीने वापरतो. 'नाही जमणार' असं म्हणायला मिस्त्रींना बरेच महिने लागले. मला ते ऐकून घ्यायला त्याहून जास्त.

एक चूक पूर्णपणे आमची होती. नवं काम हातचं जाऊ नये म्हणून चालू साइटवरची गवंड्यांची टोळी आम्ही तिकडे हलवायचो. दोन्ही कामं रखडायची. आता टोळी मोकळी नसेल तर नवं काम घेत नाही. काही चांगली कामं त्यामुळे गेली. आणि बिल अडकलं तरी मजुरांचा पगार त्याच आठवड्यात होतो, कारण पगार थकला की टोळी दुसरीकडे जाते आणि तिची जागा भरायला महिना लागतो.

कालच्या डायरीत शेवटच्या रकान्यात नोंद आहे : 'लिफ्टच्या खड्ड्याचं माप आलेलं नाही.' आज सकाळी पहिला फोन त्यासाठीच केला.