आभाळातले हिरवे ठिपके

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर काढलेले फोटो घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी माझ्याकडे येतं. पायऱ्यांवर पणत्या, पाण्यात त्यांचा उजेड, वर काळंभोर आभाळ आणि त्या आभाळात फिकट हिरवे ठिपके. कॅमेरा नवा, मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, त्यामुळे जीव आणखीच खालीवर. लेन्सला बुरशी लागली का? आतला फोटो टिपणारा सेन्सर गेला का? काहीही बिघडलेलं नसतं. मी आधी एवढंच बघायला सांगते, की ठिपका नेमका कुठे पडलाय.

फोटोचा मध्य धरा. खांबावरचा दिवा खाली डावीकडे असेल आणि ठिपका मध्यापासून तेवढ्याच अंतरावर वर उजवीकडे, तर तो यूव्ही फिल्टरमुळे, म्हणजे लेन्सपुढे लावलेल्या जादा काचेमुळे आलाय. सेन्सरवरची काच चकचकीत असते. दिव्याचा थोडा उजेड तिच्यावरून परत फिरतो, लेन्समधून उलटा बाहेर जातो, पुढच्या सपाट फिल्टरवर आपटून पुन्हा आत येतो आणि सेन्सरवर रेखीव उमटतो. म्हणून झूम करून पाहिलं की तिथे दिव्याचा आकार ओळखू येतो. दुकानाच्या एलईडी पाटीवरची अक्षरंसुद्धा मी अशी उलटी वाचली आहेत. पाण्यातल्या प्रतिबिंबाशी मात्र गल्लत करू नका. पाणी वरचं खाली करतं, पण डावं डावीकडेच ठेवतं. फिल्टर दोन्ही फिरवतो. घाटावर हे इतकं डोळ्यांत भरतं, कारण दिवे सगळे खाली आणि त्यांच्या समोरचा कोपरा म्हणजे अंधारं आभाळ. दिवसा हाच ठिपका ढगात कुठच्या कुठे हरवतो.

उपाय सरळ आहे, रात्री फिल्टर काढून ठेवा. चांगल्या कोटिंगने ठिपका फिका होतो, जात नाही. हूडचाही, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी लावायच्या कड्याचाही, इथे उपयोग नाही, कारण दिवा फ्रेमच्या आतच आहे. पण गर्दीत लेन्सच्या काचेची धास्ती वाटत असेल तर हूड जरूर लावा, धक्का तो आधी झेलतो. खात्री करायची तर खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च फ्रेमच्या एका कोपऱ्यात ठेवा आणि फिल्टर लावून एक, काढून एक असे फोटो काढा.

फिल्टर काढूनही राहतो तो दुसरा प्रकार, आणि मिररलेसवाल्यांची खरी डोकेदुखी हीच. माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जिथे बसते ती कडी. निकॉनच्या जुन्या एफ माउंटपासून सेन्सर ४६.५ मिलिमीटरवर होता, झेड माउंटमध्ये तो १६ मिलिमीटरवर आला. कॅननमध्ये हेच अंतर ४४ वरून २० झालं. आरसा गेल्यामुळे लेन्सची मागची काच सेन्सरला जवळजवळ भिडवता येते. वाइड लेन्सचं त्यात भलं झालं, पण या दोन काचांमध्ये उजेडाची टोलवाटोलवीही सुरू झाली. त्यात सेन्सरवर पिक्सेलांची बारीक जाळी. सीडीच्या पाठीवर जसे रंग फुटतात तसे तिच्यावर फुटतात, मागच्या काचेवरून परत येतात आणि सूर्याभोवती लाल-हिरव्या ठिपक्यांची शिस्तीत मांडलेली नक्षी दिसते.

ही नक्षी उठून दिसते ती अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, बारीक केल्यावर. रंकाळ्यावर मावळतीला सूर्याचा किरणं फुटलेला तारा हवा म्हणून सगळे एफ/१६ ला जातात (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), आणि तिथेच ती सापडते. एफ/८ ला ठिपके पसरून विरघळतात आणि तारा थोडा मऊ येतो. मला तो तसाच आवडतो. व्ह्यूफाइंडरमध्ये पुष्कळदा हे दिसतच नाही, कारण बरेच कॅमेरे बटण दाबेपर्यंत अ‍ॅपर्चर उघडंच ठेवतात. प्रिव्ह्यूचं बटण दाबून बघा, नाहीतर एक फोटो काढून मोठा करून तपासा.

एफ/१६ च हवं असेल तर ट्रायपॉड लावा. एक फोटो नेहमीसारखा काढा. दुसऱ्याच्या वेळी लेन्सपुढे हात लांब धरून अंगठ्याने फक्त सूर्य झाका. ठिपके नाहीसे होतात. घरी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फोटो लेयर म्हणून एकावर एक ठेवायचे आणि ठिपक्यांच्या जागी दुसरा फोटो उघडा करायचा. पाणी हलतं, म्हणून दोन फोटोंमध्ये वेळ घालवू नका.

लग्नाच्या स्टेजवर, नवरा-नवरीच्या पाठीमागून पार लाइटचा, म्हणजे स्टेजच्या झगझगीत दिव्याचा, उजेड तिरका आला की तिसरा प्रकार दिसतो, अंगावरून जाणाऱ्या बारीक आडव्या रेषा. फोकससाठी सेन्सरवर जे वेगळे पिक्सेल ओळीने बसवलेले असतात, त्यांच्यावरून उडालेला हा उजेड. दोन पावलं बाजूला सरकलं तरी बहुतेक वेळा काम होतं. फोटो काढून झाले असतील तर रॉ-थेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काही कॅमेऱ्यांसाठी या रेषा काढायची सोय आहे. मात्र रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेली मूळ फाइल हवी, जेपेगवर ती चालत नाही.

आणि लेझर असेल तर कॅमेरा खाली करा. मिररलेसचा सेन्सर सतत उघडा असतो, आणि लेझरने तो कायमचा जळू शकतो. त्यावर कुठलंच सॉफ्टवेअर नाही.