बाटलीवरचं ०.१

आयबुप्रोफेनच्या एका बॅचचा अ‍ॅसे (औषधाचं प्रत्यक्ष प्रमाण मोजणारी चाचणी) १०१.५ टक्के आला आणि प्रॉडक्शनमधून फोन सुरू झाले. वरची मर्यादा १०१.०. 'मॅडम, वजन बरोबर आहे, ब्लँकही (औषधाशिवायचं रीडिंग) वजा केलाय,' आमची ज्युनिअर अ‍ॅनालिस्ट रडकुंडीला येऊन सांगत होती. नवं सॅम्पल घेऊन परत करा, असा सगळ्यांचा आग्रह. मी म्हटलं, सॅम्पलला हात लावू नका. ज्या सोडियम हायड्रॉक्साइडने, म्हणजे अल्कलीने, हे आम्लधर्मी औषध मोजलं, ते आधी मोजू.

तिने घेतलेल्या ०.४५०० ग्रॅमला २२.१४ मिली लागले होते. ०.१ मोलर द्रावणाचा १ मिली म्हणजे २०.६३ मिग्रॅ आयबुप्रोफेन. शंभर टक्के शुद्ध पदार्थालाही २१.८१ पुरायला हवेत. मग एक तर पदार्थात दुसरं एखादं आम्ल आहे, नाहीतर अल्कलीच कमजोर झाली आहे.

१२० अंशांवर वाळवलेलं केएचपी (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, अल्कली तपासायचं प्रमाण आम्ल) काढलं. हा पदार्थ माझ्या फार विश्वासाचा. हवेतलं पाणी धरत नाही, रेणुभार २०४.२२ इतका मोठा की वजनातली किरकोळ चूक बुडून जाते, आणि अल्कलीशी हिशेब सरळ एकास एक. ०.५१०५ ग्रॅम म्हणजे २.५०० मिलिमोल. फिनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे आम्ल संपताच रंग बदलणाऱ्या इंडिकेटरचा, फिकट गुलाबी रंग २५.०० मिलीला टिकायला हवा होता, तो टिकला २५.४० ला. २.५०० भागिले २५.४०: ०.०९८४ मोलर. बाटलीवर मात्र ०.१०००.

बाटलीच्या तोंडावरच्या गार्ड ट्यूबमधला, कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडालाइम कधीच संपला होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून कार्बोनेट झालं होतं. कार्बन डायऑक्साइडचा प्रत्येक रेणू दोन हायड्रॉक्साइड खातो आणि फिनॉल्फ्थॅलिनच्या रंगबदलापर्यंत कार्बोनेट त्यातला एकच परत देतं. मिथिल ऑरेंज वापरून हायड्रोक्लोरिक आम्लाशी तपासलं असतं, तर दोन्ही परत आले असते आणि घट दिसलीच नसती. म्हणून ज्या इंडिकेटरने अ‍ॅसे, त्यानेच प्रमाणीकरण (द्रावणाची खरी तीव्रता ठरवणं), यावर मी अडून बसते.

नव्या फॅक्टरने, म्हणजे ०.१००० ऐवजी ०.०९८४ धरून, तीच रीडिंग ९९.९ टक्के झाली. ज्युनिअरचा जीव भांड्यात पडला. माझा नाही. त्याच बाटलीवर आधी पास झालेल्या बॅचही फुगवून दाखवल्या गेल्या असणार, आणि काठावरची एखादी प्रत्यक्षात मर्यादेखाली असू शकत होती. द्रावण हळूहळू उतरलेलं, त्यामुळे जुन्या आकड्यांना आजचा फॅक्टर लावून भागणार नव्हतं. मागच्या प्रमाणीकरणानंतरच्या साऱ्या बॅचचे राखीव नमुने काढले आणि ताज्या द्रावणावर पुन्हा अ‍ॅसे लावला. सगळे मर्यादेत बसले, तेव्हा मी रिपोर्टवर सही केली.